अकराव्या मिनिटाला

बाहेर उणे एकतीस.
उलानबातरच्या या तळघरात मात्र
एक लॅपटॉप उकाड्यानं मरत होता.

"अकरा मिनिटं चालतो," गोन्चिग म्हणाले,
"मग धाप लागते, मग डोळे मिटतो."
मेंढीबद्दल सांगावं तसं सांगत होते.
टोपी मांडीवर. भुवयांवरचं हिम वितळून
टेबलावर टपटपलं, मी सुटे बोर्ड बाजूला सरकवले.

लॅपटॉप लेकीचा. आर्युंझुल,
पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला. परवा परीक्षा.
खिडकीबाहेर कठड्यावर ठेवून अभ्यास करते म्हणे,
हातमोजे घालून, हात तेवढे बाहेर काढून.
मी हसले नाही. मग जरा हसले.
"असं करू नका. गारठ्यातून आत आणला
की आतल्या आत घाम फुटतो त्याला."

दहा स्क्रू. दूध-पावडरीच्या झाकणात
ज्याचा त्याच्या जागी.
एकदा लांब स्क्रू आखूडाच्या भोकात पिळून
मी एका मास्तरांचा बोर्ड फोडला होता,
वर्षभर पैसे फेडले. तेव्हापासून हे झाकण.

पाठ उघडली.
काजळी असणार, हे धरूनच चालले होते.
या शहरात प्रत्येकाच्या पंख्यात कोळसाच निघतो,
छातीत जातो तोच.
पण हे काळं नव्हतं.
मऊ, पिवळसर पांढरं,
तांब्याच्या जाळीवर बुरणुसासारखं घट्ट बसलेलं.
चिमट्यानं सोललं तर अख्खी पट्टी निघाली,
करंगळीएवढी.
टाकणार, तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला.

उजेडाकडे धरली. बोटांत चुरली. हुंगली.
"पाठीवर पट्टा असलेल्या करडाची लव," म्हणाले.
"मार्चातली."

मग तुटक तुटक:
बर्फावर बर्फ चढलं, गवत खाली काचेत बंद.
गोवऱ्या संपत आल्या. करडं तंबूत घेतली, नऊ.
आर्युंझुल सुट्टीला आलेली. तिनं हा चालू केला
ट्रकच्या बॅटरीवर, काहीतरी उगाचच जड लावून दिलं
आणि सगळ्यात लहान करडू त्याच्यावर निजवलं,
नाक त्या झरोक्याशी,
गरम वारा येतो ना, तिथं.
तीन रात्री.

"जगलं?"
"हे जगलं."
बाकीच्या आठांचं त्यांनी काढलं नाही,
मी स्पिरिटची बाटली उघडली.

चिपवरची जुनी पेस्ट
करपल्या दुधाच्या पातेल्यागत खरवडावी लागली.
कापूस, स्पिरिट, पुन्हा कापूस.
नवी पेस्ट मसुरीच्या दाण्याएवढी, बस.
शिकाऊ पोरं लोणी फासल्यासारखी फासतात.

चालू केला. चौथ्या मिनिटालाच बंद.

कान तापले माझे.
पंख्याची वायर जोडायचीच राहिली होती.
गोन्चिग काही बोलले नाहीत,
फक्त खिशातून आंबट, वाळल्या चक्क्याचा खडा काढून
माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःच्या गालात धरला.

पुन्हा दहा स्क्रू.
चौऱ्याण्णवला जाणारा आकडा
एकसष्टवर येऊन रेंगाळला.
दहा. अकरा. आम्ही दोघं पडद्याकडे बघत,
दातांखालचा खडा फुटू न देता.
बारा.
तरी ते उठेनात. विसाव्या मिनिटाला
टोपी डोक्यावर चढवली.

पैसे मोजून दिले. लवेची पट्टी
घडी करून आतल्या खिशात गेली.
दारापाशी थबकले.
"आता पूर्वीसारखा तापणार नाही ना?"
"नाही."
ते खूश झाल्यासारखे दिसले नाहीत.
जिन्यातून थंडी आत येत होती.
"आणि पुन्हा लागलंच, तर?"

मी सांगितलं:
जड काहीतरी लावा, सिनेमा वगैरे.
मध्ये पातळ फडकं घाला, सुती.
आणि नाक झरोक्याशी असू दे,
पण झरोका बुजवू नका.