तीन सेकंद

त्या ओळीच्या डोक्यावर लिहिलं होतं :
काढू नका. — शा. बि.
एवढंच. कारण नाही, तारीख नाही.
वजन शून्य आलं तर तीन सेकंद थांब,
मग पुन्हा विचार.

मी हसलो.
विजयनगरला, सातव्या मजल्यावर,
माझी खुर्ची तेव्हा जमिनीला टेकत नसे.
यंत्राला कसली आली दमछाक, म्हटलं,
आणि ओळ उडवली.
शुक्रवारी संध्याकाळी कोड चढवला,
रात्री सराफ्यात
भुट्ट्याच्या किसाचा द्रोण हातात घेऊन
दोस्तांना सांगितलं,
जुनी माणसं जळमटं ठेवून जातात रे,
आपण झाडू मारायचा.
हशा झाला. त्यात माझाच आवाज मोठा.

पहाटे चारला फोन.
सांवेर रोडच्या तोलकाट्यावर वीज गेली,
जनरेटर आला,
परत वीज, परत जनरेटर,
आणि एकतीस ट्रक
शून्य किलोचे निघाले.
ताडपत्रीपर्यंत सोयाबीन. शून्य.

स्कूटरनं पोचलो. डिसेंबर.
अंगात कंपनीनं दिलेलं जाकीट,
पाठीवर काय छापलंय ते आठवून
भिंतीला टेकूनच उभा राहिलो.
काट्यावरचा गेंदालाल म्हणाला,
'भिया, वीज गेली की काटा जरा श्वास घेतो.
बिवलकर मॅडमना ठाऊक होतं.
या पिंपावर बसल्या होत्या त्या,
दोन रात्री, शाल घेऊन.
तुम्ही पहिल्यांदाच आलात ना?'

एकतीस पावत्या हातानं लिहिल्या.
आपलं अक्षर इतकं वाईट आहे
हे बारावीनंतर मला कुणी सांगितलंच नव्हतं.
ड्रायव्हर वाकून वाचायचे,
तीन की आठ, साहेब?

रामबागेत फोन लावला, माफी मागायला.
शारदिनी बिवलकर, निवृत्त.
म्हणाल्या, 'कारण लिहायला हवं होतं रे मी.
वाटलं, माझी ओळ कोण काढणार आहे!'
आणि खोकला येईपर्यंत हसल्या.

ओळ परत घातली.
वर टीप लिहिली : वीज, जनरेटर, तारीख,
बाईंचं नाव, गेंदालालचं नाव, माझी चूक.
अकरा ओळी.
नम्रपणाही जरा लांबलाच.

परवा नवा मुलगा ती टीप वाचून हसला.
तिरोडकर. हुशार आहे, बोटं फार भरभर चालतात.
'सर, ही गोष्ट इथे कशाला?'
मी म्हटलं, शनिवारी पहाटे सांवेर रोडला येतोस?
'तिथे काय आहे?'

पोहे बरे मिळतात, म्हटलं.