बटणाला मनाई

येळ्ळूरच्या गडावर सकाळी सहाला
माझ्या पेट्यांतून चाळीस शिपाई निघतात.
बटण नको, बंदच बांधा,
वहीत तसं लिहिलंय.
बाराबंदीला मी चहाचं पाणी देते,
कोपरांवर वीट घासते;
कोरा शिपाई कॅमेऱ्याला खोटा दिसतो.

पोरं कडोलीची, खानापूरची, दोघं होनग्याचे.
मनगटावरचे घड्याळाचे पांढरे पट्टे बुजवायचे,
दंडावरचा लशीचा वणही.
एकानं आईचं नाव कानडीत गोंदलंय,
माती फासली तरी वाचता येतं.

मग भरमाणी हुंदरे आले, रिटायर हवालदार.
सदरा काढला.
बरगडीखाली खड्डा, रुपयाएवढा, चकचकीत.
"हे कसलं?"
"द्रासची गोळी."
मेकअपवाल्यानं वही चाळली.
"ह्या काळात चालणार नाही, काका. तलवारीची पाहिजे."

गोंद, कापूस, लाल रंग.
अर्ध्या तासात ती बुजली
आणि शेजारी वीतभर दुसरी उघडली,
ओली, एकदम खरी.
हुंदऱ्यांनी आरशात बघितलं.
"बरी झालीया की," म्हणाले.
हात मात्र जुन्याच जागी गेला.

मी बंद बांधत आले.
तिथली एक गाठ
सैल ठेवली.