आहुस्कोच्या चढावर

ओयामेल वृक्षांखालचं दहिवर
अजून बुटांना चिकटतंय.
फिदेन्सियो पुढे.
बावीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस,
चढ आला की डावा पाय
नसलेला क्लच दाबतो.

वाटेत तांबडा दगड, भोकाभोकांचा.
"पेटला होता हा कधीतरी,"
म्हणत खिशात टाकतो.
बायकोला वज्री होईल टाचांना.

माथ्यावरून मेक्सिको शहर दिसतच नाही.
करडी साय नुसती,
तिच्याखाली दोन कोटी माणसं.
तरी त्याचं बोट थांबत नाही:
इथे सिग्नल, तिथे इस्पितळ,
आणि ह्या वळणावर
मागच्या सीटवर एक बाई बाळंत झाली,
भाडं न देताच गेली.

फडक्यातून निळ्या मक्याची भाकरी सोडतो,
अर्धी मला.
"एकोणीस वर्षांचा असेल आता,"
म्हणतो,
खिशातला दगड चाचपत.