पिवळा दिवा

म्हापशाच्या स्टँडवर मी पायलट.
विमानाचा नव्हे,
पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलचा.
मागे माणूस, मध्ये त्याची पिशवी,
शुक्रवारी पिशवीत कोंबडाही.
बावीस वर्षं झाली, एकदाही कुणाला पाडलं नाही.
(एकदा पाडलं. कुचेलीच्या उतारावर. ते सोडा.)

शेजारचा आग्नेल तारवटी.
बोटीवरून सुट्टीला आला तो सगळ्यांना साबण घेऊन
आणि आमच्या रेवतीला हा खेळ.
टीव्हीला जोडायचा. बुटक्या गाड्यांची शर्यत,
चालवायला ससे, मांजरं,
एक चष्मेवाला बेडूक.
तिनं बेडूक घेतला.

रेवती सहा वर्षांची.
उजवा हात तिचं ऐकतो, कधीमधी.
डावा ऐकतच नाही,
हाक मारली की भलतीकडे बघतो
माझ्या धाकट्या भावासारखा.

पहिल्या दिवशी बेडूक बारा वेळा समुद्रात पडला.
मी मोजत होतो. तीही मोजत होती, हे नंतर कळलं.
मग तिनं रिमोट खाली ठेवला
आणि म्हणाली, भूक लागली.
नुकतीच जेवली होती.

रात्री आग्नेलनं खेळाचं सेटिंग उघडलं
तर आत माळाच निघाला, आम्ही कधी न चढलेला:
गाडी आपणहून पुढे जाऊ दे,
कडेला गेली तर हळूच आत ओढ,
सगळी बटणं एकाच बटणात आण,
लखलखाट कमी कर,
वळण आलं की हातात थरथर दे,
तांबडं-हिरवं ज्याला वेगळं दिसत नाही
त्याच्यासाठी चौकोन, त्रिकोण.

म्हणजे कुणीतरी, कुठल्याशा देशात,
खुर्चीवर बसून
माझ्या पोरीच्या डाव्या हाताचा विचार केला होता,
तिला न बघता.
आणि आम्ही स्टँडवर बघून बघून काय करतो?
काठी टेकत कुणी म्हातारी येताना दिसली
की ज्याचा नंबर असेल तो चहाला जातो.
मीही गेलोय.

आता बेडकाच्या गाडीला शेपटीकडे
एक पिवळा दिवा लागतो:
हिला मदत चालू आहे.
समुद्र तिथंच आहे. बेडूक कडेपर्यंत जातो,
डुगडुगतो,
परततो.

चवथीला बहिणीचा वेदांग आला.
करंजी खात खात म्हणाला,
दिवा म्हणजे चीटिंग. गाडी आपोआप चालते,
ही काही करतच नाही.
मी गप्प राहिलो.
खरं सांगू? ती पुढे गेली की मी टाळ्या वाजवायचो,
पण त्यातली एखादी टाळी उसनी असायची.

रेवतीनं पडद्यावरची नजर काढली नाही.
म्हणाली, बाबाच्या मागे माणूस बसतो ना,
तो कुठं गाडी चालवतो?
बाबा विचारतो, खंय वचपाचें?
तो सांगतो, अस्नोड्याला.
मग अस्नोड्याला कोण पोचतं?
तोच ना?

वेदांगनं करंजी संपवली.
मला एकदम बावीस वर्षांची माणसं आठवली,
माझ्या खांद्यावर हात ठेवून
आपापल्या घरी गेलेली.

त्या शर्यतीत ती पाचवी आली, आठातून.
पाच बोटं दाखवायला एकच हात लागतो.
उजव्यानं त्या दिवशी ऐकलं.

पोरं झोपली तेव्हा मी एकटाच बसलो.
दिवा बंद केला. म्हटलं, बघू तर.
गिरीच्या गर्दीतून रोज काढतो मी गाडी,
ही तर बेडकाची.
नऊ वेळा समुद्रात.

दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं.
पिवळा दिवा लावला.
पुढच्या वळणावर पुन्हा कडेला गेलो,
आणि पडणार तोच
कुणीतरी हळूच आत ओढलं.