निवडणं, टिपणं

मोकल सरांच्या टेबलावर दोन डबे.
एक निळा, सरावाचा, पाचशे छऱ्यांचा.
दुसरा चंदेरी, पाचशेचाच, किंमत अडीचपट,
झाकणाखाली स्पंजची गादी.
मी म्हटलं, माझे आठ आणि नऊ
या निळ्यातूनच येतात, सर.
सर म्हणाले, बरं.

तळवली नाक्याशी, टाइल्सच्या दुकानाखालचं हे तळघर.
भिंत ते भिंत दहा मीटर कसेबसे भरतात,
मध्ये खांब आला म्हणून पाचवी लेन नाही.
इथं सरांच्या वडिलांचं खाजणातलं शेत होतं,
मग साडेबारा टक्क्यांतला प्लॉट, मग तीन मजले.
उधाणाच्या भरतीला जमीन अजून ओल धरते,
म्हणून कपाटात डब्यांशेजारी
तांदळाची पुरचुंडी,
नाहीतर शिशावर पांढरट साय चढते.

सरांनी माझं पिस्तूल शिकंज्यात आवळलं,
दोनदा हलवून पाहिलं.
आता तू नाहीस, म्हणाले.
शिकंज्याला श्वास नसतो.
त्याला वीस तारखेचं जीएसटी रिटर्न नसतं,
रबाळ्याच्या ऑफिसात गिळलेला शब्द
त्याच्या मनगटापर्यंत उतरत नाही.

चंदेरीतले पाच: वाटाण्याएवढं एक भोक,
कडा कापलेल्या, पंचिंग मशीननं पाडावं तसं.
निळ्यातले पाच: शर्टाच्या बटणाएवढं,
जरा फाटकं, एका बाजूला कललेलं.
सरांनी दहाचं वर्तुळ त्यावर धरलं.
बटण आत मावलं. थोडी जागा उरलीही.

म्हणजे निळ्यानंसुद्धा दहाच मारले?
हो. तू नसताना.

चार महिने मी निळा डबा विकत घेत होते
आणि त्याच्यासोबत फुकट येत होत्या
पाचशे सबबी.

आठ निळे घेतले, एकाच लॉटचे.
नळीला सवय लागते, सर म्हणाले,
सारखी सून बदलू नये.
(हे ते सगळ्यांनाच सांगतात. त्यांचं अजून लग्न व्हायचंय.)

रात्री ऐरोलीला, जेवणं झाल्यावर,
स्टीलच्या ताटात डबा ओतला.
बाबा, म्हणजे माझे सासरे, टीव्ही सोडून आले.
एवढ्या उशिरा काय निवडतेस?
एकतीस वर्षं ते बेअरिंगच्या कारखान्यात
गोळ्या तपासायला होते.
न विचारता शोकेसची काच काढून आणली,
तिरकी धरली, एकेक छर्रा सोडला,
कान लावून, डोळे मिटून.
हा सरळ. हा सरळ. हा लंगडतो बघ.
भिंगाखाली पाहिलं: घेराला नखभर पोचा.
त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी
ड्युटीवरचा माणूस आला होता.

आपल्याकडे निवडणं-टिपणं एका दमात म्हणतात.
मला निवडायला ताट मिळालं घरात,
टिपायला तळघर शोधावं लागलं
बेचाळिसाव्या वर्षी.

साडेबाराला मोजले: अकरा लंगडे.
शिसं आहे, साबणानं हात धुवा, मी म्हटलं.
ते म्हणाले, मला शिकवू नकोस.
आणि कोपरापर्यंत धुतले.

शनिवारी पहिला छर्रा, काचेवरून सरळ घरंगळलेला:
आठ. उजवीकडे, खाली.
डब्याकडे पाहिलंच नाही.
अंगठा जास्त दाबला होता, मला माहीत होतं,
आणि का दाबला होता, तेही.
तो आठ मी वहीत लिहिला
स्वतःच्या नावाची सही करावी तसा.

साठ झाले. शेवटी, गंमत म्हणून,
खिशातल्या पुडीतले अकरा लंगडे भरले.
सात, नऊ, आठ, सहा, पुन्हा आठ,
आणि सातवा थेट दहा, मधोमध, बिनडाग.

बाबांना फोटो पाठवला.
त्यांचं उत्तर आलं: कुठला होता तो?
आता कसं सांगू.
कागदात गेल्यावर
लंगडणं दिसत नाही.