सातव्या जागेसाठी

पोस्टरवर आओबा आहे.
डोक्यावर ट्रॉफी, सगळे दात बाहेर.
नीइगाताच्या त्या ट्रॅकच्या फाटकावर
अजून लटकतंय ते, उन्हानं निळं पडलेलं.
त्या वर्षीची गोष्ट त्याची. कबूल.
लाउडस्पीकर त्याच्या मागे धावायचा,
कॅमेराही.

आमची गोष्ट त्याच्यापासून अकरा सेकंद मागे.
तिथे मी, रेन्तो, कार्ट नंबर एकतीस,
आणि उराबेंची इबुकी, नंबर आठ.
सातव्या जागेसाठी आम्ही जे हाडवैर धरलं
ते पहिल्या जागेसाठीही कुणी धरलं नसेल.

बारा वर्षांचे होतो.
तिचे वडील सुकट माशांचा टेम्पो चालवायचे,
त्याच टेम्पोतून कार्ट यायची,
म्हणून तिच्या हेल्मेटलाही वास.
मी एकदा नाक दाबलं.
पुढच्या शर्यतीत तिनं मला
तिसऱ्या वळणावर असं आत दाबलं
की माझं पुढचं चाक गवतात.
नाक दाबायची फेड झाली, असं तिच्या पाठीवर वाचता येत होतं.

तिसरं वळण समुद्राकडचं.
तिथे वाऱ्यानं वाळू यायची.
किरीगाया म्हातारे सकाळी झाडूनं लोटायचे,
दुपारपर्यंत पुन्हा नखभर थर.
सगळे आतून जात, जपून.
ती बाहेरून. वाळूवरून. ब्रेक न लावता.
मागचं चाक सुटायचं, मग कसं कोण जाणे धरायचं,
आणि मी आतल्या बाजूला, शहाण्यासारखा, मागे.

मी रात्री अंथरुणात दोन्ही हात वर धरून
ते वळण घ्यायचो.
आई म्हणायची, झोप.
मी म्हणायचो, वाळू आहे.

शेवटची शर्यत ऑक्टोबरात.
सतरा फेऱ्या.
आओबा जिंकला तेव्हा आम्ही अजून वळणात होतो.
टाळ्या ऐकू आल्या, आमच्यासाठी नव्हत्या,
तरी जीव घशात.
मी पहिल्यांदाच बाहेरून गेलो.
वाळूवरून. तिच्याच रबराच्या काळ्या रेघेवरून.
आणि ती आतून. माझ्या जागेवरून. जपून.
मला वाटतं तिनंही रात्री
हात वर धरले असणार.

कागदावर आलं: आठ नंबर सातवी,
एकतीस नंबर आठवा,
फरक शून्य पूर्णांक शून्य चार.
डोळ्याचं पातं लवायलाही याहून वेळ लागतो.
तिनं कागद माझ्यासमोर धरला,
घडी केली,
काही बोलली नाही.
मी म्हणालो, पुढच्या वर्षी.
ती म्हणाली, वाळू कमी होती आज.

पुढच्या वर्षी टेम्पो आला नाही.
कुणी म्हणालं पैसे, कुणी म्हणालं शाळा, कुणी आजी.
विचारायला गेलो असतो,
पण वैऱ्याच्या दारी कोणत्या तोंडानं जायचं
हे बाराव्या वर्षी कुणी शिकवत नाही.

एप्रिलात बाबांनी तिची कार्ट विकत घेतली,
स्वस्तात, इंजिन तिचंच बरं म्हणून.
सीट काढली धुवायला.
मागे शिशाच्या चार पट्ट्या, बोल्टनं घट्ट:
ती हलकी होती,
नियमाचं वजन भरायला घालावं लागायचं.
वास अजून होताच.
एका पट्टीवर खिळ्यानं कोरलेलं,
आधी मला वाटलं किलोचा आकडा.
३१.
तिरका, दोनदा गिरवलेला.
वर्षभर पाठीशी बांधून फिरली मला.

मी त्या हिवाळ्यात वाढलो होतो.
मला शिशाची गरज नव्हती, उलट ओझंच.
बाबांनी तीन पट्ट्या काढल्या,
चौथीला हात घातला,
मी म्हणालो, राहू दे.
ते म्हणाले, प्रत्येक फेरीत वेळ खाईल.

खायची.
त्या वर्षी मी सगळीकडे आठवा आलो.