मुठीतला जीव

कोपनहेगन, सप्टेंबर १९५२

रात्री बारा ते सहा माझी पाळी.
पलंगावर रिगमोर, वय वर्षं नऊ,
पोलिओने छातीचे स्नायू गिळलेले,
म्हणून गळ्याला भोक, भोकात नळी,
नळीला रबरी फुगा
आणि फुगा माझ्या हातात.
जीव मुठीत धरणं म्हणतात ते हेच,
फक्त जीव दुसऱ्याचा.

बोलता येत नाही तिला.
जिभेने एकदा टक् केलं, की हवा कमी पडतेय.
दोनदा टक्‌टक्, की थांबलास का, गोष्ट वाच.

तीनच्या सुमारास मूठ दमली.
दाब उथळ होत गेला, मला कळलंही नाही.
तिचे गाल मात्र गुलाबी होत गेले,
जणू वाऱ्यात सायकल दामटून आलीय.
मी मनात म्हटलं, सुधारतेय पोर.
टक् थांबलं. वाटलं, झोपली.

सिस्टर थ्यूरा आल्या.
गालांकडे त्यांनी पाहिलंच नाही.
कपाळावर तळवा ठेवला. चिंब.
दंडाला पट्टा आवळला. एकशे साठ.
"ऑक्सिजन पोचतोय, म्हणून निळी पडली नाही.
पण टाकायचा श्वास आतच तुंबलाय.
रक्त आंबतंय, राईच्या पावाच्या पिठासारखं.
कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल सुटल्यात,
म्हणून ही लाली.
आणि हृदय धावत सुटलंय.
धावेल थोडा वेळ.
मग अंगातून कितीही हाका आल्या
तरी त्या आंबट रक्तात
त्याला ऐकू येणार नाहीत."

मी घाबरून भराभर दाबू लागलो.
त्यांनी मनगट धरलं.
"सावकाश. त्या विषाच्याच टेकूवर दाब उभाय,
एकदम काढलास तर कोसळेल.
आणि नुसतं दाबतोस काय?
सोडायला शीक."

दाबायचं,
मग मूठ पुरती उघडून थांबायचं,
तिची छाती खाली बसेपर्यंत.
ते थांबणं फार लांब वाटायचं.
चुन्याचा डबा हाताला कोमट लागू लागला.
तिने टाकलेला श्वास पिऊन तापला होता तो.
एकशे चाळीस.
एकशे वीस.
लाली ओसरली, चेहरा फिकट पडला,
तेव्हा कुठे सिस्टर खुर्चीत टेकल्या.

पाच वाजून गेले. खाली पहिली ट्राम.
टक्‌टक्.

पुस्तक पडलं होतं पलंगाखाली.
पायाने ओढलं, डाव्या हाताने पानं चाळली,
उजवी मूठ आपलं काम करत होती.
"कुठवर आलो होतो गं आपण?"
सांगणार कशी ती.
अंदाजाने एक पान धरून वाचायला लागलो.

चुकीचं होतं.
तिने डोळे वटारले.